नौपाड्यातल्या समुद्रातलं फॉस्फेट

७ जुलै १९९६, रविवार
समुद्र आला. टेम्पोतून आला, दोन मजले चढून आला, आणि चढताना थोडासा जोशीकाकूंच्या पायपुसण्यावर सांडला. आता बाहेरच्या खोलीत, माझ्या जेवायच्या जागेला लागून, पूर्वाभिमुख. चार फूट काच, खारं पाणी, काही दगड, दोन नारिंगी मासे आणि छत्रीसारखं उघडणारं एक प्रवाळ.

मालक मेव्हणा. दिगू. मर्चंट नेव्हीत इंजिनियर. उद्या बोटीवर चालला, दिवाळीला परत. तोवर समुद्र ही माझ्याकडे ठेव.

सौ.चं म्हणणं होतं, टाकी कल्याणला दिगूच्या मित्राकडे, गुप्त्यांकडे ठेवावी. त्यांच्याकडे अशी एक आहेच. मी म्हणालो, सख्खी बहीण नौपाड्यात असताना समुद्राने कल्याणला का जावं? सौ. म्हणाली, "सख्खी बहीण मी आहे, आणि मला नकोय." हा मुद्दा गैरलागू होता. गुप्ते मासे खातात. जो खातो त्याच्याच हाती सांभाळायला द्यायचे?

दिगूने जाताना बजावलं : भाऊजी, शत्रू एकच. फॉस्फेट. ते वाढलं की शेवाळ माजतं, प्रवाळ मिटतं, आणि मग संपतं. येतं कुठून? जास्तीच्या अन्नातून. दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, बस्स. आणि चिमूट म्हणजे तुमची नाही, माझी.

मी म्हणालो, बाबा रे, मी तेवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय. संयम मला नवा नाही.

तो हसला. मग प्रवाळाकडे बघत म्हणाला, नोकरी लागल्यापासून आहे हे माझ्याकडे. हे गेलं तर पुन्हा टाकी करायची नाही, असं ठरवलंय. हे म्हणताना मात्र हसला नाही.

निश्चय : दिवाळीला दिगू येईल तेव्हा छत्री उघडी असेल.

८ जुलै
नामकरण. मासे : जय आणि विजय. प्रवाळ : विद्रुम. दिगू दगडांना लाइव्ह रॉक म्हणतो. त्यांत सूक्ष्म जीव असतात म्हणे. पाषाणातही चैतन्य आहे हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय. आता परदेशात पॅक करून विकतात.

९ जुलै. जेवण झाल्यावर
एक जुना पेच आज आपोआप सुटला. जेवायला बसताना ताटाच्या उजवीकडे चित्राहुतीची पाच शितं काढतो, ती इतर जिवांच्या वाट्याची. पूर्वी खिडकीत चिमण्या यायच्या. सौ.ने जाळी बसवून घेतल्यापासून इतर जीव जाळीबाहेर आणि शितं ताटाशेजारी वाळतायत.

आता हात लांब केला की समुद्र. शितं टाकली. जय-विजय असे धावले की मंत्र पुरा व्हायच्या आत आहुती पोचली. सौ. त्या वेळी आत पोळ्या करत असते, त्यामुळे या पुण्यात तिचा वाटा नाही.

(याला खायला घालणं म्हणत नाहीत. खायला घालणं पोटासाठी. ही आहुती.)

१४ जुलै, रविवार
पहिली टेस्ट. दिगूचं किट. नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब, हलवायचं, रंग चार्टशी जुळवायचा. पांढरं ते पुण्य, निळं ते पाप. नळी पांढरी. जवळजवळ. सौ.ला दाखवली. म्हणाली, "छान. आता ती माझ्या चमच्यांच्या डब्यात ठेवू नका."

साप्ताहिकाच्या संपादकांना फोन केला. ठाण्याच्या बातम्या मी त्यांना पाठवतोच. 'घरातला सागर' अशी लेखमाला सुचवली. ते म्हणाले, मास्तर, आधी गोखले रोडच्या खड्ड्यांचं पाठवा, त्यातही पाणी आहे.

२८ जुलै
नळी आकाशी. दगडांवर हिरवट लव. ऋतू आहे, पावसाळ्यात सगळीकडेच हिरवळ असते. विद्रुम उघडा.

१ ऑगस्ट
नळी आकाशीपेक्षा थोडी जास्त. चौकशी सुरू. पहिला संशयित : नळाचं पाणी. वॉर्ड ऑफिसला गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, पाणी येतंय ना? येतंय. मग तक्रार काय? फॉस्फेट. तो म्हणाला, ते पलीकडच्या टेबलावर. पलीकडच्या टेबलावर कुणीच नव्हतं.

४ ऑगस्ट
दुसरा संशयित : धुण्याची पावडर. पाकिटावर वाचलं, फॉस्फेटचा उल्लेख नाही. म्हणजे लपवलंय. सौ.ला सांगितलं, आजपासून कपडे रिठ्याने. ती म्हणाली, "मोरीतली पावडर बाहेरच्या खोलीतल्या टाकीत कशी जाते?" मी म्हणालो, वाफेने. ती म्हणाली, "मग रिठा तुम्ही उकळा, वाफ कशी जाते ते दिसेल."

रिठा उकळला. शर्ट तपकिरी. शाळेत विचारणा झाली.

१० ऑगस्ट
लव आता केस. दगडांना दाढी आलीय. खरवडली. दुपारपर्यंत परत आली.

कठोर उपाय. आजपासून माशांचं खाणं पूर्ण बंद. दिगूचा डबा कपाटात वर ठेवला, किल्ली जानव्याला. चातुर्मासात मी कांदा-लसूण सोडतो. जय-विजयांनी एवढं करायला काय हरकत?

चित्राहुती अर्थात चालू. तिचा याच्याशी संबंध नाही.

१७ ऑगस्ट
सात दिवस निराहार. मासे वाळतील ही भीती होती. उलट गुटगुटीत. विजय तर वळताना दमतो. तपाचं तेज यालाच म्हणत असावेत. नळी मात्र निळी. उपाशी माशांकडून फॉस्फेट येतं कुठून? विज्ञान इथे थांबतं.

आणखी एक निरीक्षण. टाकीत स्किमर म्हणून एक यंत्र आहे, पाणी घुसळून फेस आणि घाण वरच्या पेल्यात काढतं. आज त्या फेसाला साजूक तुपाचा वास आला. समुद्रमंथनातून काय काय निघालं याची यादी आठवली. तुपाचा उल्लेख नाही. सौ.ला वास घ्यायला दिला. ती म्हणाली, "माझं नाक माझ्या कामाला ठेवा."

१९ ऑगस्ट
खाली देशपांड्यांकडे मासळी द्यायला चेंदणीच्या कोळीवाड्यातून शेवंती येते. आज समुद्र बघायला वर आली. पाटी जिन्यातच ठेवायला लावली, जय-विजयांना नातलग दिसू नयेत म्हणून. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, खायाचा नाय तं एवढा मावरा पालताव कशाला?" मी म्हणालो, दर्शनासाठी. ती म्हणाली, "दर्शन घेताव का भरवताव? ह्यो तं पापलेटवानी सुटलाय."

मी म्हणालो, शेवंती, उपास आहे त्याला. ती तोंडाला पदर लावून खाली गेली. जिन्यात हसू ऐकू आलं. निरक्षर बाई, तपाचा परिणाम काय कळणार.

२२ ऑगस्ट
उपाय सापडला! आणि तो घरातच होता. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला आई हंड्यात तुरटी फिरवायची. आज अंघोळीनंतर समुद्रात तुरटी फिरवली. प्रदक्षिणेच्या दिशेने.

२४ ऑगस्ट
नळी पांढरी!! साक्षात पांढरी. सौ.ला हाक मारून दाखवली. तिलाही पांढरीच दिसली. पाश्चात्त्य ज्या रोगापुढे हात टेकतात तो आपल्या दाढीच्या तुरटीने गेला. रात्रीच लेख लिहिला, 'घरच्या घरी फॉस्फेटदमन'. संपादकांना पोचता केला. खड्ड्यांचाही पाठवला, एकाने दुसरा छापून येतो.

२५ ऑगस्ट
विद्रुम मिटला. छत्री पूर्ण बंद, चामड्याच्या पाकिटासारखी. विश्रांती घेत असावा.

२७ ऑगस्ट
अजून मिटलेला. रात्री दिगूचा फोन, सिंगापूरहून. प्रवाळ कसंय? मी म्हणालो, शांत आहे. आणि फॉस्फेट? मी म्हणालो, पांढरं! तुरटी!  तो म्हणाला, "तुरटी? भाऊजी, तुरटी?" पाणी ताबडतोब बदला म्हणाला. तुरटी फॉस्फेट खाते, पण प्रवाळाला सहन होत नाही. आणि मूळ शोधा. खाणं किती घालता?

मी म्हणालो, काहीच नाही. सतरा दिवस कडकडीत उपास.

तो म्हणाला, भाऊजी, मग काहीतरी जातंय त्यात. नक्की जातंय. गुप्त्याला एकदा बोलवा ना.

सौ.ने रिसिव्हर घेतला. पाच मिनिटं बोलली. त्यांत माझं नाव आलं नाही, पण "हे" बरेचदा आलं.

गुप्त्यांना बोलावण्याचा प्रश्नच नाही. पाणी बदललं.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सर्व कोळी बांधव समुद्राला नारळ देतात. आमच्याकडे समुद्र घरात. आख्खा नारळ सोडला. वर तरंगला, पंपाने ओढला, काचेवर ठाण्-ठाण् वाजू लागला. सौ. आतून, "दार बघा कोण आहे." काढला. प्रतीक म्हणून खोबऱ्याचा एक तुकडा. जेवताना नारळीभाताची चित्राहुती. सण म्हणून शितं जराशी सढळ.

संध्याकाळी विद्रुमने एक कडा उघडली. श्रद्धा.

१ सप्टेंबर, रविवार
लेख छापून आला. फोटोसकट. (फोटो माझा.)

दुपारी सेवानिवृत्त मुख्याध्यापक सहस्रबुद्धे समुद्र बघायला आले. फार वेळ बघून म्हणाले, मासे कुठे आहेत? शेवाळाच्या मागे आहेत, मी म्हणालो. लेखात पाणी स्फटिकासारखं असं छापलंय, ते म्हणाले. मी म्हणालो, ते चोवीस तारखेचं पाणी. आज पहिली आहे.

जाताना त्यांनी पाठीवर हात ठेवला. इतक्या हळू ठेवायला नको होता.

८ सप्टेंबर
तिसरा संशयित : सौ.ची उदबत्ती. चौथा : जोशीकाकूंच्या मिक्सरचे हादरे. पाचवा : किट. किटवर संशय दाट आहे. परदेशी रंग, आपल्या डोळ्यांना निळे दिसत असतील.

सौ. म्हणाली, "फॉस्फेटपायी नळाची चौकशी झाली, पावडरीची झाली, माझी झाली. घरात एकाच माणसाची राहिली." मी विचारलं, कोण? ती पोळ्या करायला आत गेली. मी जेवायला बसलो.

१७ सप्टेंबर
काल गणपती बसले. एकवीस मोदक. चित्राहुतीला उकडीचा कण. जय-विजय आता मी पाट मांडला की काचेशी येऊन उभे राहतात. इतर कुणी मांडला तर येत नाहीत. मुके जीव, पण माणूस ओळखतात.

नळी गडद. चार्टच्या शेवटच्या रंगाच्या आधीचा रंग.

निश्चय : अधिक कडक उपास. पण कसा? शून्यातून काय वजा करणार?

२८ सप्टेंबर
विद्रुमची कडा पांढरट. बोट लावलं तर काही मागे राहतं बोटाला. रात्री बराच वेळ खुर्ची घेऊन बसलो. दिगू परत यायला दीड महिना उरलाय. त्याचं ते न हसणं आठवलं. सौ. शेजारी येऊन बसली. म्हणाली, "अजून वेळ आहे हो. बोलावू का गुप्त्यांना?" मी म्हणालो, सोमवारपर्यंत थांब. कुठला सोमवार ते तिने विचारलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
तीर्थरूप दादांचं श्राद्ध. खीर, वडे, भाजी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. घास घेऊन गच्चीवर गेलो. कावळा नाही. हाका मारल्या. दादांना जे जे वचन द्यायचं राहिलं होतं ते ते दिलं, घराला रंग लावायचंसुद्धा. एक कावळा पाण्याच्या टाकीवर बसून घासाकडे बघून उडाला. समोरच्या इमारतीत तिघांची श्राद्धं, त्याला निवड होती.

सौ. खालून ओरडली, "शिवला का?" सकाळपासून तिचाही उपास होता. घास घेऊन खाली आलो. आणि उत्तर समोर. जीव तो जीव. पान समुद्रात सोडलं. वडा, खीर, भात, सगळं. विजयने पहिला घास घेतला, आणि घेताना माझ्याकडे असा पाहिला की अगदी दादा. (दादाही जेवताना असेच बघायचे.)

सौ.ला सांगितलं, पोचलं. कुणी घेतलं हे तिने विचारलं नाही.

आज फार दिवसांनी मन शांत.

७ ऑक्टोबर, सोमवार
समुद्र दुधासारखा पांढरा. जय-विजय वर तोंड काढून धापा टाकतायत. विद्रुम दगडावरून अर्धा सुटून आडवा. वास.

सौ.ने मला विचारलं नाही. थेट कल्याणला, गुप्त्यांच्या बँकेत फोन लावला.

संध्याकाळी. गुप्ते हाफ डे टाकून आले, टेम्पो, बादल्या, घरचं खारं पाणी, सगळं घेऊन. शर्ट काढून कामाला लागले. बरं दिसलं नाही, पण हात भराभर चालत होते. विचारलं, मास्तर, नक्की काय घालत होतात? मी म्हणालो, काहीही नाही. दहा ऑगस्टपासून उपास. ते म्हणाले, "उपासाला एवढं?" त्यांनी तळातून काहीतरी उचलून उजेडात धरलं. वड्यासारखं दिसत होतं. मी म्हणालो, स्पंज असेल. ते विचारात पडले.

समुद्र दोन मजले उतरला. विद्रुम एका बादलीत, वर ओला टॉवेल. गुप्ते म्हणाले, वाचेल असं सांगत नाही. सौ.ने टेम्पो वळेपर्यंत खिडकीची जाळी धरली होती.

८ ऑक्टोबर
भिंतीवर चार फुटांचा ओला चौकोन. शितं ताटाशेजारी.

२० ऑक्टोबर
कल्याणहून फोन. मासे ठीक. प्रवाळ तसंच. गुप्ते म्हणाले, फॉस्फेट रोज उतरतंय, तुमच्याकडे कुठून येत होतं हेच कळत नाही. मी म्हणालो, कल्याणची हवा असेल. खाडीवरून येते. ते म्हणाले, ठाण्यालाही खाडीच आहे. हा माणूस वादप्रिय आहे.

१३ नोव्हेंबर, भाऊबीज
दिगू आला. ओवाळून झालं. भिंतीकडे बघितलं. चकली खात म्हणाला, भाऊजी, तुम्ही प्रयत्न केलात. या वाक्याचे दोन अर्थ होतात. मी चांगला घेतला.

१७ नोव्हेंबर, रविवार. रात्री
जे घडलं ते क्रमाने लिहितो.

गुप्त्यांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. कल्याणला पोचलो. दिगूचा समुद्र त्यांच्या जेवणघरात. पाणी असं की टाकीत पाणी आहे हे सांगावं लागावं. जय-विजय सडपातळ. आणि विद्रुम... एका बाजूने जरा खुजा, पण उघडा. छत्री पूर्ण उघडी. दिगू गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावून बघत होता, परीक्षेचा रिझल्ट बघावा तसा. सौ.ने डोळे पुसले. मीही चष्मा पुसला. काचेवर धूळ होती.

जेवायला बसलो. त्यांच्यासाठी मासळी, माझ्यासाठी गुप्तेवहिनींनी वेगळं वरण-भात-तूप. माझं पान नेमकं टाकीला लागून. मी गुप्त्यांना समजावत होतो की कल्याणच्या पाण्यात क्षार कमी असावेत, त्यामुळे फॉस्फेट टिकत नाही. बोलता बोलता पाण्याचं मंडल केलं. पाच शितं काढली. वरण-तुपाची. हात लांब केला. टाकली.

जय-विजय धावत आले. त्यांनी मला ओळखलं.

 वहिनींच्या हातातली आमटीची पळी तशीच. मग दिगू अगदी हळू म्हणाला, "भाऊजी, हे... रोज?"

मी म्हणालो, रोज नाही. दिवसातून दोनदा.

गुप्ते म्हणाले, वरणासकट? मी म्हणालो, नियमापुरतं. तूपही नियमापुरतं. आणि हे खायला घालणं नव्हे, हे आधी लक्षात घ्या...

सौ. म्हणाली, "आणि घास? दादांचा घास कुणाला पोचला?" ही बाई कधी विचारत नाही, आणि विचारते तेव्हा भर पंगतीत.

मी सांगितलं. आधी गुप्ते हसले. ठसका लागेपर्यंत हसले, मासे खाणाऱ्याला ते धोक्याचं असतं. मग वहिनी. मग सौ., पदर तोंडाला लावून, अगदी शेवंतीसारखी. दिगू सगळ्यांत शेवटी हसला. पण नीट हसला. म्हणाला, "भाऊजी, तुमच्या पुण्याने मेलं असतं हो ते."

मी म्हणालो, मेलं तर नाही ना? तो म्हणाला, नाही. आणि मला आणखी भात वाढला, आणि बसल्या बसल्या माझं ताट टाकीपासून हातभर दूर सरकवलं.

समुद्र कल्याणलाच राहणार. सर्वांनी ठरवलं. मीही अनुमोदन दिलं, दिसायला बरं. निघताना दिगूने जुनं किट माझ्या पिशवीत टाकलं. म्हणाला, ठेवा, तुम्हाला सवय झालीय.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
जेवायची जागा मोकळी मोकळी. पाच शितं हातात घेऊन जरा वेळ बसलो. सौ. आतून म्हणाली, "जाळीला एक फट ठेवून घेतलीय. चिमण्या येतील."

अजून आल्या नाहीत.

कुणी काहीही म्हटलं तरी प्रश्न शास्त्रीय आहे आणि तो शास्त्रानेच सुटला पाहिजे. पाच शितं, वरण-तुपासकट, पेलाभर पाण्यात कुस्करली. धोतराच्या तुकड्यातून गाळली. पाणी नळीत घेतलं. थेंब टाकले. हलवलं. थांबलो.

नळी निळी. मग गडद निळी. मग शाई.

चार्ट शोधला. उजेडात नेला. उलटाही करून पाहिला. इतका निळा रंग त्यात छापलेलाच नाही.

निष्कर्ष : चार्ट अपुरा आहे. दिगूला कळवणे.